फडक्यात उरलेली साक्ष

आजी विहिरीवर पाणी भरायची तेव्हा घागरीच्या तोंडावर जुन्या धोतराचं चौपदरी फडकं असायचं. पोहरा उपसायचा, फडक्यातून ओतायचा. घागर भरली की फडकं उलटं करून दगडावर झटकायचं, पिळायचं आणि घराची वाट धरायची. "गाळल्याबिगर पानी भरू नगं," हा तिचा दंडक होता. फडक्यात अडकायचं काय, ते मात्र तिनं कधी निरखून पाहिलं नाही, आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या मीही नाही.

आमचं येरमाळा हे बालाघाटाच्या रांगेतलं गाव. या रांगेच्या एका अंगाला पडलेला पाऊस मांजरा-तेरणेतून गोदावरीला मिळतो, दुसऱ्या अंगाचा सीनेतून भीमेला. तेरणा जिथे उगम पावते ते तेरखेडा जवळच आहे. म्हणजे आम्ही नद्यांच्या माहेरची माणसं. पण माहेरी नदी नदीसारखी कुठे असते? चार-पाच महिने वाहणारा ओढा, मग डबकी, मग भेगाळलेला गाळ. वर्षाचं उरलेलं पाणी विहिरीतलं, बारवेतलं, तळ्यातलं, म्हणजे उभं पाणी. आणि उभ्या पाण्याबरोबर मराठवाड्यात नारू होता.

ज्यांनी सत्तरी ओलांडली आहे त्यांना तो सांगावा लागत नाही. घोट्यापाशी फोड येतो, आग होते, फोड फुटतो आणि जखमेतून पांढरा दोरा डोकावतो. हात-दोन हात लांबीची ती जंताची मादी असते. तिला काडीवर गुंडाळत रोज थोडी थोडी बाहेर ओढायची. मध्येच तुटली तर पाय सुजून माणूस महिनोन् महिने अंथरुणावर पडतो, आणि हे बहुधा पेरणीच्या किंवा काढणीच्या तोंडावर. लोक म्हणत, नारू पाण्यातून येतो. ते खरंच होतं. पण पाण्यातल्या नेमक्या कशातून येतो, हे शोधायला जगाला साठ वर्षं लागली, आणि त्या शोधाचा पहिला मोठा अंक मुंबईत घडला.

साल 1850 च्या दशकातलं. हेन्री जॉन कार्टर हा लष्करी शल्यवैद्य मुंबईत राहत होता. रुग्ण तपासून उरलेला वेळ तो मुंबईच्या तळ्यांच्या काठी घालवी. तळ्यांमधले स्पंज, सूक्ष्म जीव, गाळातले जंत हे सगळं तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांची चित्रं काढायचा. त्याच्यासमोर एक विलक्षण प्रकरण आलं. एका शाळेतली पन्नास मुलं एका ठरावीक तळ्यात आंघोळ करत. वर्षभरात त्यांतल्या 21 मुलांना नारू झाला. दुसरीकडे आंघोळ करणाऱ्या इतर शाळांमधली मुलं जवळजवळ सगळी सुटली.

कार्टर त्या तळ्यावर गेला. गाळ उपसला, थेंब काचेवर ठेवला. गाळ वळवळत होता. दोऱ्यासारखे बारीक जंत त्यात अगणित होते आणि त्यांची ठेवण नारूच्या पिल्लांशी मिळतीजुळती होती. कार्टरनं निष्कर्ष काढला की हेच ते. आंघोळ करताना हे बारके जंत मुलांच्या कातडीतून आत शिरतात आणि आत वाढून त्यांचाच नारू होतो.

तळं बरोबर होतं. आकडे बरोबर होते. पाण्याचा दोष पाण्यातल्या जिवांकडे पाहूनच कळेल, हा विश्वासही बरोबर होता. चुकला तो फक्त साक्षीदार. कार्टरला सापडलेले जंत गाळात स्वतंत्रपणे राहणारे निरुपद्रवी जीव होते. खरा गुन्ह्याचा वाटेकरी बहुधा त्याच तळ्याच्या पाण्यात झटके देत पोहत असावा. कार्टरबद्दल मला तरीही अतोनात आदर वाटतो. औषधाच्या बाटल्या सोडून तळ्याच्या गाळात हात घालणारा वैद्य त्या काळात दुर्मीळ होता.

उत्तर समरकंदला मिळालं. अलेक्सेई फेदचेन्को हा पंचविशीतला रशियन निसर्गशास्त्रज्ञ पत्नी ओल्गासह मध्य आशियातल्या तुर्केस्तानच्या मोहिमेवर होता. जर्मन परजीवीशास्त्रज्ञ रुडॉल्फ लॉयकार्ट यांनी माशांच्या एका जंताची पिल्लं सायक्लॉप्स नावाच्या पाणजिवात वाढताना पाहिली होती. नारूचंही तसंच असेल का पाहा, असं त्यांनी त्याला सुचवलं होतं. सायक्लॉप्स म्हणजे मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा, कोळंबीच्या दूरच्या भाऊबंदांतला जीव. डोक्यावर एकच डोळा, म्हणून ग्रीक कथांमधल्या एकाक्ष राक्षसाचं नाव. मादीच्या शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबतात. स्वच्छ दिसणाऱ्या उभ्या पाण्यात तो मजेत राहतो. फेदचेन्कोनं नारूची पिल्लं आणि सायक्लॉप्स एकाच काचेच्या वाटीत सोडले आणि वाट पाहिली. काही काळानं पिल्लं पाण्यात दिसेनात. ती सायक्लॉप्सच्या पोटात होती, जिवंत, आणि पुढच्या दिवसांत तिथेच कात टाकून वाढत होती.

1870 च्या सुमाराचं हे निरीक्षण. फेदचेन्कोला पुढचा दुवा जोडायला वेळ मिळाला नाही. 1873 मध्ये माँ ब्लाँच्या हिमनदीवर वादळात सापडून तो गेला, वय 29. तो दुवा रॉबर्ट लायपर यांनी पश्चिम आफ्रिकेत जोडला. पोटातल्या आम्लाइतक्या तीव्रतेच्या द्रावात, म्हणजे 0.2 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात, त्यांनी बाधित सायक्लॉप्स टाकले. सायक्लॉप्स मेले आणि आतली पिल्लं तरारून बाहेर पडली! केळ्यातून असे सायक्लॉप्स माकडाला खाऊ घातले, सहा महिन्यांनी माकडाच्या शरीरात नारूचे जंत मिळाले. आणि 1913 मध्ये परळच्या प्रयोगशाळेत, जी पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली, डॉ. डी. ए. तुर्खुड यांनी माणसावरच्या प्रयोगातून साखळी पूर्ण केली. कार्टरनं ज्या मुंबईत चुकीचा साक्षीदार धरला होता, त्याच मुंबईत खऱ्याची ओळख पटली.

नारू झालेला माणूस बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालतो. थंड पाण्यानं आग शमते, त्याच क्षणी जंत लाखो पिल्लं पाण्यात सोडतो. ती सायक्लॉप्स खातो, सायक्लॉप्स आपण पितो. आणि दीड मिलिमीटरचा सायक्लॉप्स चौपदरी फडक्यात अडकतो! म्हणजे आजी रोज सकाळी दगडावर झटकत होती तो हा जीव. ज्याच्यासाठी समरकंद, पश्चिम आफ्रिका आणि परळ पालथं घातलं गेलं, तो येरमाळ्याच्या शिवारातल्या बायकांच्या फडक्यात रोज पकडला जात होता.

भारतात नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1983-84 मध्ये सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला सुमारे 40,000 रुग्ण होते आणि नारूग्रस्त राज्यांत महाराष्ट्र होता. हत्यारं साधी होती. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून त्यांच्या पोहऱ्याच्या विहिरी करायच्या, हातपंप बसवायचे, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस टाकायचं आणि पाणी गाळायला कापड द्यायचं. लस नव्हती, औषध नव्हतं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये भारत नारूमुक्त असल्याचा दाखला जागतिक आरोग्य संघटनेनं दिला.

इथे गोष्ट संपली असं वाटेल. मला मात्र ती इथून पुढे जास्त महत्त्वाची वाटते. सायक्लॉप्स एका रोगाची खबर देतो. आज आमच्या ओढ्यांना नारू होत नाही. त्यांना गावाचं सांडपाणी, साबणाचा फेस, शेतातून वाहून आलेलं खत आणि फवारणीचं औषध होतं. याची खबर कोण देणार?

हा प्रश्नही जुनाच आहे. कार्टर मुंबईच्या तळ्यांवर वाकला होता त्याच सुमाराला ब्रेस्लाऊ शहरात पटकीची साथ आली आणि फर्डिनांड कोहन या वनस्पतिशास्त्रज्ञानं तिथल्या विहिरींचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली घातलं. त्याला पटकीचा जंतू सापडला नाही. पण वेगळंच काही ध्यानात आलं. चांगल्या विहिरीत राहणारे जीव वेगळे आणि कुजक्या विहिरीत राहणारे वेगळे. प्रत्येक पाण्याची आपली वस्ती.

हे निरीक्षण पन्नास वर्षं जवळजवळ तसंच पडून राहिलं. मग बर्लिनच्या पाणी आणि सांडपाणी तपासणी केंद्रात काम करणाऱ्या रिचर्ड कोलक्विट्झ आणि मॅक्सिमिलियन मार्सोन यांनी ते उचललं. शहराचं मैलापाणी जिथे नदीत पडतं तिथून ते प्रवाहाबरोबर खाली खाली जात नमुने घेत राहिले. तोंडाशी पाणी काळं, घाण मारणारं. तिथे एक-दोन जातीच, पण बेसुमार. थोडं खाली नव्या जाती. आणखी खाली आणखी. काही मैलांवर नदी सावरलेली आणि तिच्यात पुन्हा शेकडो प्रकारचे जीव. नदी स्वतःला धूत जाते आणि त्या धुण्याच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळी बिऱ्हाडं राहतात, हे त्यांनी ओळखलं. 1902 मध्ये त्यांनी ही मांडणी केली, 1908 मध्ये वनस्पतींची आणि 1909 मध्ये प्राण्यांची यादी छापली. प्रत्येक जातीपुढे तिला किती घाण मानवते याची नोंद. कार्टरनं एका साक्षीदाराच्या जबानीवर निकाल दिला होता. यांनी अख्ख्या गावाला चावडीवर बोलावलं.

या गावात कोण कोण असतं ते पाहण्यासारखं आहे. वेगानं वाहणाऱ्या स्वच्छ पाण्यात दगडाच्या खालच्या बाजूला स्टोनफ्लाय आणि मेफ्लाय या कीटकांची पिल्लं चिकटलेली असतात. मेफ्लायच्या पिल्लाला पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे नाजूक कल्ले आणि बहुधा मागे तीन शेपट्या असतात. कॅडिसफ्लायची अळी वाळूचे कण लाळेच्या धाग्यानं जोडून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधते. या तिघांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू भरपूर लागतो. सांडपाणी आलं की ते कुजवणारे जिवाणू वाढतात आणि प्राणवायू संपवतात. ही मंडळी पहिल्यांदा घर सोडतात. चतुर आणि टाचणीची पिल्लं, खेकडे, पाणभुंगे थोडं जास्त सोसतात. जळवा आणि गोगलगायी आणखी. सगळ्यात शेवटी उरतात त्या गाळातल्या लाल अळ्या आणि लाल धाग्यांसारखे ट्यूबिफेक्स जंत. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो, आपल्या रक्तातल्या द्रव्याचाच भाऊ. जिथे प्राणवायू नावापुरता असतो तिथून तो ओढून घ्यायला हे हिमोग्लोबिन कामी येतं. म्हणून ओढ्याच्या गाळात नुसतं लाल लाल वळवळताना दिसलं आणि बाकी कुणीच नसलं, तर प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबायची गरज नाही.

प्रयोगशाळा हवीच, हे मी ठासून सांगतो. पाण्यात नायट्रेट किती, फ्लोराइड किती, कीटकनाशक कुठलं, हे किडा सांगत नाही. पण बाटलीतलं पाणी फक्त बाटली भरली त्या घटकेचं बोलतं. रात्री कुणी घाण सोडली आणि सकाळपर्यंत ती वाहून गेली, तर दुपारची बाटली निर्दोष ठरते. गाळातली अळी मात्र त्या रात्री तिथेच होती.

अमेरिका आणि कॅनडाच्या मधल्या ईरी सरोवरात हे 1953 मध्ये फार भयानक रीतीनं दिसलं. तिथल्या पश्चिम भागात तळाच्या चिखलात मेफ्लायची पिल्लं दोन-दोन वर्षं राहत आणि उन्हाळ्यात त्यांचे थवे किनाऱ्यावरच्या गावांवर इतके उठत की रस्त्यांवरून ते खोऱ्यानं ओढून काढावे लागत. लोक त्यांना वैतागलेले होते. त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीला काही दिवस वारा पडला. पाणी ढवळलं गेलं नाही, तळाचा प्राणवायू संपला. एन. विल्सन ब्रिट हा जीवशास्त्रज्ञ सप्टेंबरात तळाचा चिखल वर काढत होता आणि चिखलातून मेलेली पिल्लं येत होती. सरोवर वरून निळंच दिसत होतं. खतांनी आणि सांडपाण्यानं ते आतून किती थकलं आहे, हे चार शांत दिवसांनी उघडं पाडलं. थवे नाहीसे झाले आणि परत यायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. तेव्हा त्यांच्या येण्याचं लोकांनी स्वागत केलं.

या सगळ्यातून पुढे गुणपत्रिका तयार झाली. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण ठरले. स्टोनफ्लायला 10, चतुराला 8, गोगलगाय-जळूला 3, लाल अळीला 2, गाळातल्या जंताला 1. सापडलेल्या कुळांच्या गुणांची सरासरी काढायची. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं नेदरलँड्सच्या सहकार्यानं 1980 च्या दशकाच्या अखेरीस यमुनेवर काम करून ही पद्धत भारतीय नद्यांसाठी बदलून घेतली. पाण्याचे पाच वर्ग केले: स्वच्छ पाण्याला नकाशावर निळा रंग, अतिप्रदूषिताला लाल.

या पद्धतीला एक जोड आहे आणि ती मला सगळ्यात जास्त आवडते. जॉन केर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1968 मध्ये ती खास जीवशास्त्र न शिकलेल्यांसाठी सुचवली होती. गाळणीतले जीव पांढऱ्या ताटात घ्यायचे. एकेक उचलून रांगेत ठेवायचा आणि एवढंच विचारायचं, हा आधीच्यासारखाच आहे की वेगळा? वेगळा निघाला की एक रेघ ओढायची. शेवटी रेघांची संख्या जिवांच्या संख्येनं भागायची. उत्तर 1 च्या जवळ आलं तर वस्ती संपन्न, 0 च्या जवळ आलं तर एकाच जातीचं राज्य. कुठल्याही प्राण्याचं नाव माहीत असण्याची गरज नाही. तिसरीतली मुलगी हे करू शकते. माझी आजीही करू शकली असती. फडकं झटकण्याआधी तिला कुणी एवढंच सांगायला हवं होतं.

आता येरमाळ्याकडे येतो, कारण ब्रिटनची गुणपत्रिका इथे जशीच्या तशी लावली तर आमच्या ओढ्यांवर अन्याय होईल.

चैत्री पौर्णिमेला गावच्या येडेश्वरी देवीच्या यात्रेत पालखी आमराईत जाते आणि लाखो भाविक रानातून चुन्याचे खडे वेचतात. हे खडे आमच्या मातीतले आहेत. बेसाल्ट झिजतो, त्यातला चुना पाण्याबरोबर मुरतो आणि कोरड्या हवेत काळ्या मातीत खड्यांच्या रूपानं साठतो. तोच चुना इथल्या विहिरी-ओढ्यांच्या पाण्यातही असतो, म्हणून इथलं पाणी जड. आता गोगलगायीला शंख बांधायला चुनाच लागतो. जिथे चुना मुबलक, तिथे गोगलगायी मुबलक. पाणी चांगलं असलं तरी. 3 गुणांच्या गोगलगायी सरासरी खाली ओढतात आणि निर्दोष ओढा दोषी ठरतो.

दुसरं, 10 गुणांचे स्टोनफ्लाय बारमाही, गार, खळाळत्या पाण्यातले. दख्खनच्या पठारावर त्यांच्या जाती मुळातच थोड्या. ते आमच्या ओढ्यात नाहीत याचा दोष घाणीला देता येत नाही. आणि तिसरं सगळ्यात मोठं. आमचा ओढा वर्षातले सहा-सात महिने नसतोच. इथले कितीतरी जीव अंड्याच्या रूपात सुक्या गाळात पडून राहतात आणि मृगाच्या पाण्यानं फुटतात. काही उडून जवळच्या तळ्यात जातात आणि परततात. वाहणाऱ्या नदीसाठी आखलेली मोजपट्टी मोसमी ओढ्याला लावणं म्हणजे ज्वारीच्या ताटाला उसाच्या उंचीनं नापास करणं आहे.

म्हणून बालाघाटाला स्वतःची यादी हवी. आधी न बिघडलेला ओढा शोधायचा: गावाच्या वरच्या अंगाचा, डोंगरातून उतरणारा. तिथे भाद्रपदात कोण राहतं, आश्विनात कोण राहतं, डबकं उरल्यावर कोण टिकतं, याची नोंद करायची. मग तोच ओढा गाव ओलांडून खाली आला की तिथे तेच ताट, तीच गाळणी. वरच्या आणि खालच्या ताटातला फरक हीच गावाची जबानी. कोलक्विट्झ आणि मार्सोननी बर्लिनमध्ये याहून वेगळं काही केलं नव्हतं.

कळंब, वाशी, धाराशिव तालुक्यांतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना माझं सांगणं आहे. या भाद्रपदात मुलांना घेऊन ओढ्यावर जा. लांब दांड्याची गाळणी, पांढरं ताट, एक भिंग आणि वही एवढंच लागेल. पूर आलेला असेल तर जाऊ नका, पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरू नका, घरी आल्यावर साबणानं हात धुवा. दगड उलटा, खालची बाजू पाहा, दगड होता तसा ठेवा. तारीख, जागा, आदल्या आठवड्यात पाऊस झाला की नाही, ते लिहा. नाव माहीत नसेल तर चित्र काढा. मोजून झाले की सगळे जीव त्याच जागी पाण्यात सोडा. पुढच्या वर्षी त्याच तिथीला त्याच दगडापाशी परत या. पाच वर्षांच्या अशा वह्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे नेल्या, तर बालाघाटाची यादी करायला तिथल्यांना सुरुवात मिळेल. फक्त ओढा आटायच्या आत जा.